बंड्यांची चिठ्ठी आणि मामांची लस

मागच्या पावसाळ्यात मामा गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस गेला की लोक रडत नाहीत, भाषणं करतात. शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की सहकारी संस्थांमधून आरोग्याचं शिक्षण द्यायची कल्पना डॉक्टरसाहेबांना फार तरुणपणी सुचली, ही त्यांची दूरदृष्टी. पुढच्या वक्त्याने दूरदृष्टीचं द्रष्टेपण केलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि मला हसू येत होतं. अशा ठिकाणी ते बरं दिसत नाही म्हणून मी पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मामांना दूरदृष्टी नव्हती असं नाही. पण त्या कामाला ते लागले ते माझ्या एका भाषणामुळे, आणि त्या भाषणाबद्दल मला कोणी द्रष्टी म्हटलं नव्हतं. आईने मला गधी म्हटलं होतं.

त्या वेळी मी अमरावतीला कॉलेजात होते आणि मामा-मामींकडे राहत होते. माझं घर अकोल्याला. वडील पोस्टात, आई जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. आई मामांची थोरली बहीण. जिनात कापसातला कचरा वेचून तिने भावाला शिकवलं, असं ती कधी बोलून दाखवत नसे, पण मामा तिच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. ते नागपूरला वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. मामी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरी सोडायला तिने साफ नकार दिला होता, त्यामुळे संसार अमरावतीत होता आणि मामा शनिवारी संध्याकाळी पाहुण्यासारखे घरी यायचे. ते आले की घरात स्टोव्हचा आवाज सुरू व्हायचा. मामी एका स्टोव्हवर वरण शिजवायची आणि दुसऱ्यावर मामा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गंजात सुया आणि सिरिंजा उकळायचे. दोन्ही गंज एकाच दुकानातले, एकाच मापाचे. मामीने एकाच्या काठाला लाल दोरा बांधला होता, पण दोरा जळून जायचा. जेवताना वरणात काही टणक लागलं की आम्ही तिघंही चावणं थांबवून एकमेकांकडे बघायचो. बहुतेक वेळा तो खडा असे.

घरातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे फ्रीज. घासलेटवर चालणारा, खाली दिव्यासारखी ज्योत असलेला. नागपूरहून लस यायची, आमच्याकडे शनिवारची रात्र थंडाव्यात काढायची आणि रविवारी पहाटे बर्फाच्या थर्मासमधून अकोल्याकडे जायची. त्या मधल्या एका मुक्कामासाठी हा फ्रीज आमच्या बैठकीत उभा होता. गल्लीतले लोक तो बघायला यायचे. ज्योतीवर थंडी कशी तयार होते, हे मी त्यांना समजावून सांगायचे. मलाही ते कळलेलं नव्हतं, पण मी सांगायचे. मामीला मात्र त्यात साधं कैरीचं पन्हं ठेवायची परवानगी नव्हती. 'घरात हिमालय आणून ठेवला अन् आम्ही माठातलं पाणी पितो,' असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. ज्योतीचा धूर भिंतीवर चढून तिथे एक काळा पट्टा उमटला होता. मामी दर दिवाळीला त्यावर चुना मारायची.

लस होती मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची. जुनी लस होतीच, पण ही नवी, कोरडी करून कुपीत भरलेली, उन्हाळ्यात कमी बिघडणारी. ती खरंच ताप अडवते का, हे मामांना ठरवायचं होतं. त्यासाठी एका गावातल्या अर्ध्या लोकांना लस आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, आणि दोन पावसाळे वाट बघायची. कोण कोणत्या गटात, हे माणसांनी ठरवायचं नाही, नशिबाने ठरवायचं. दोन पावसाळे नीट पार पडले तर मामांना पुढच्या अभ्यासासाठी परदेशी पाठवू, असं त्यांचे वरिष्ठ म्हणाले होते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तोवर मुंबईच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. आईने तर मामांसाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता, तोही अकोल्याच्या उन्हाळ्यात.

गाव हिवरखेडच्या अलीकडचं होतं. तिथे शेतकऱ्यांनी मिळून सहकारी जिन काढलं होतं. मामांनी हे गाव निवडलं कारण जिनाच्या सभासदांना एका जागी बोलावता येत होतं आणि त्यांना सभेत बसायची सवय होती. मोठे शेतकरी सभासद होते, तसेच आमच्या समाजातले, एकदोन एकर असलेलेही होते. धम्मदीक्षेला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मामांचा एक हट्ट होता, की पाण्याची गोष्ट लोकांपासून लपवायची नाही. 'आपल्या लोकांच्या बाबतीत आजवर सगळं न सांगताच झालं,' ते म्हणायचे. 'सुई तरी सांगून टोचू.' पण मामा सांगायला लागले की पाच मिनिटांत आकडेशास्त्रात शिरायचे आणि पुढची रांग डुलक्या घ्यायची. म्हणून बायकांना समजावायचं काम माझ्याकडे आलं.

ते माझ्याकडे यावं अशी व्यवस्था मीच केली होती. मी तेव्हा पुण्याची मासिकं वाचायचे, वऱ्हाडी बोलायचं सोडून दिलं होतं आणि आरशासमोर उभी राहून 'किंबहुना' म्हणायचे. भाषण लिहायला मला आठवडा लागला. रोगप्रतिकारक शक्ती, जलशुद्धी, भगिनींनो, सगळं त्यात होतं. ते मी मामीला वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, 'छान आहे. समजेल अशा कोणाला तरी ऐकव.'

जिनाचं अंगण चैत्रात रिकामं असतं. कापसाचा हंगाम उरकलेला, यंत्रं बंद, निंबाखाली सतरंजी. बायका पोरंसोरं घेऊन बसल्या होत्या. मामा आले नव्हते, मी एकटीच गेले होते. अध्यक्ष नारायणराव, पांढऱ्या मिशांचे, मोठ्या शेतीचे, बाजूला खाटेवर होते. पहिल्या रांगेत सगुणाबाई होती. विधवा, आमच्यातलीच, दोन एकर स्वतःच्या नावावर, म्हणून जिनाची स्वतःच्या नावाने सभासद. मी सुरू केलं. थोड्या वेळाने सगुणाबाई शेजारणीला म्हणाली, 'हे पोट्टी कोनाची वं? रेडिओवानी बोलून राहिली.'

'डाक्टरची भाची व्हय.'

'मंग घरी भाकरी मांगते तं अशीच मांगत असन काय?'

बायका खुसखुसल्या. माझे कान तापले. पाठ केलेलं भाषण तिथेच मोडलं आणि मी जे सुचेल ते बोलू लागले. सांगितलं की लस चांगली आहे, मी स्वतः टोचून घेतली आहे, माझा दंड सुजला होता, तापही आला होता, आणि आता मला मुदतीच्या तापाची भीती नाही. दंडसुद्धा दाखवला. हे बोलायला मामांनी मला सांगितलेलं नव्हतं. मग आलं अर्ध्यांना लस, अर्ध्यांना पाणी. कोणाला काय, हे नशिबाने ठरणार, हे कसं सांगावं ते मला सुचेना. तेवढ्यात जिनाच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलेला पत्र्याचा डबा दिसला. आई जिनात असल्यामुळे तो मला माहीत होता. हंगामात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दारात लागल्या की डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि एकेक काढतात.

'जशी बंड्यांची चिठ्ठी काढता ना,' मी म्हटलं, 'तशीच याचीही काढायची. लाल आणि निळी.'

सगळे चेहरे एकदम मोकळे झाले. 'असं व्हय!' सगुणाबाई म्हणाली. 'मंग सरळ सांगतलं असतं तं काय झालं असतं? चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी. त्यात कोनाचं काही चालत नाही.' नारायणरावांनीही मान हलवली. मी तशीच तरंगत एस्टीत चढले. अमरावतीला आल्यावर मामांना म्हटलं, 'एकही शंका राहिली नाही.' मामांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पुढे वैशाखापर्यंत पुरली.

आज मला वाटतं, जिनातल्या बाईची मुलगी असून मला त्या डब्याबद्दल अर्धंच माहीत होतं. नावं निघताना मी पाहिली होती. आईची पाळी संपेपर्यंत मी तिथे थांबत असे, पण पुस्तक घेऊन. शेवटची बंडी रिकामी होताना मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

वैशाखातल्या रविवारी मामा, मी आणि थर्मास गावात पोचलो. निंबाखाली टेबल मांडलं, सुया उकळल्या. लाल खोक्यात काय आणि निळ्या खोक्यात काय, हे नागपूरला एका सहकाऱ्याला ठाऊक होतं, मामांना नाही. सभासद आणि त्यांच्या घरचे रांगेत आले, डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या, नाव लिहून ज्याची त्याच्या हातात दिल्या. पहिली सुई भरली गेली तेव्हा सगुणाबाईने विचारलं, 'डाक्टरसाहेब, ज्याइले आज पानी भेटन, त्याइचा नंबर कोनत्या इतवारी?'

मामांना कळेना. 'कसला नंबर?'

'दवाईचा. चिठ्ठी काढली नं? आज याइचा, मंग आमचा.'

मामा माझ्याकडे वळले. मी निंबाकडे बघत होते. नारायणराव खाटेवरून उठले. 'साहेब, आमच्या इथं चिठ्ठी म्हंजे पाळी. आधी आमी शेठच्या जिनात कापूस न्याचो. तिथं ओळखीच्याची बंडी आत अन् या लोकाइच्या बंड्या चार चार रोज उन्हात. म्हनून आमी आमचं जिन काढल्यावर पयले हा डबा आनला. कोनाची बंडी पुढं, कोनाची मागं, हे डबा सांगते. पन भरली बंडी वापस कोनाचीच जात नाही. तुमच्या भाचीनं डब्याचं नाव घेतलं म्हनून आमी हो म्हनलो.'

मामांनी सुई खाली ठेवली आणि समजावू लागले. लस चांगली आहे की नाही, हेच अजून ठरायचं आहे. ठरेपर्यंत ज्याला पाणी मिळालं त्याचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. दोन पावसाळे तुलना केल्याशिवाय काहीच सिद्ध होणार नाही. ते फार सोपं करून बोलत होते, आकडेशास्त्राचा एक शब्दही न काढता. त्यांच्या हातून काय निसटत होतं ते तिथे फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. नंतर पाहू, असं काहीतरी गुळमुळीत बोलून ते सुया टोचू शकले असते. लोक थांबले असते. दोन वर्षांत विसरलेही असते कदाचित.

सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तुमच्या घरी काय टोचलं, बापू? पानी का दवाई?'

मामांना बापू म्हणणारी गावात ती एकटीच. 'दवाई,' मामा म्हणाले.

'ते तं पोट्टीनंच सांगतलं. दंडबी दाखवला. घरी चिठ्ठी नाही काढली, मंग.'

रांगेत कोणी हसलं नाही. मला त्या क्षणी थर्मासमध्ये शिरून बसावंसं वाटलं. झाकण लावायला मामा होतेच.

मामांनी चष्मा काढून पुसला. 'कापूस येईपर्यंत थांबाल?' त्यांनी रांगेला विचारलं. 'एक पावसाळा. कापूस आला की रंग उघडतो. ज्या रंगात पाणी निघेल, त्या रंगाला लस. त्याआधी मागायची नाही.'

एक पावसाळा म्हणजे अर्धं संशोधन. ते परदेशी पाठवण्याइतकं होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

'आमी थांबू,' सगुणाबाई म्हणाली. 'तुमी थांबसान का? तुमचं काय हाय, टोचेल हाय का बिनटोचेल?'

लस मोजून येत होती, म्हणून मामांनी ती स्वतः घेतलेली नव्हती. त्यांनी तसं सांगितलं, भिंतीकडे गेले आणि डब्यात हात घातला. निळी निघाली. नारायणराव म्हणाले, आता याचा ठराव करू. सभासदांनी लगेच ठराव केला, सूचक सगुणाबाई, अनुमोदक नारायणराव, की पाण्यावाल्या सर्वांचा नंबर कापसाच्या हंगामात लागेल आणि डॉक्टरसाहेबांचा नंबर इतरांप्रमाणेच राहील. मग सुया सुरू झाल्या. बर्फ बराच वितळला होता.

संध्याकाळी परतीची एस्टी धरली. आम्ही अकोल्याला आईकडे उतरलो. तिने कळण्याची भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढली आणि काय झालं ते विचारलं. मीच सांगितलं. आईचा हात भाकरीवर थांबला. 'गधी,' ती म्हणाली. 'चिठ्ठीतली बंडी कधी वापस जाते काय? मले तरी विचारलं असतं.' मग तिने भावाच्या ताटात आणखी भाजी वाढली. स्वेटरचं विणकाम कोनाड्यात होतं. मला रडू फुटलं.

'तू काहून रडतं?' मामा म्हणाले. बहिणीसमोर ते वऱ्हाडीतच बोलत. 'तुझं भाषण लोकाइले समजलं तरी. माझं आजपर्यंत कोनालेच नाही समजलं.' आणि त्यांनी आणखी एक भाकर मागितली.

मामीने अमरावतीला सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तुम्ही प्राध्यापक आहात की सभासद?' त्यानंतर तिने मामांचं पिण्याचं पाणी उकळायला तिसरा गंज आणला. नागपूरला वरिष्ठ म्हणाले की हे संशोधन नव्हे, समाजकार्य आहे. परदेशी दुसरं कोणी गेलं. मामांनी त्याचं नाव घरात मोकळेपणाने घेतलं, त्याच्या कामाची स्तुतीही केली. मला ते जास्त लागलं.

पण त्या पावसाळ्यात मामांची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाळी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं आणि ताप काही ठरावाला बांधलेला नव्हता. लस देता येत नाही तर निदान पाणी उकळायला, विहिरीत औषध टाकायला, हात धुवायला तरी शिकवू, म्हणून ते दर रविवारी जिनात वर्ग घेऊ लागले. शेजारच्या गावातल्या सोसायटीचे लोक ऐकायला आले, त्यांनी आपल्याकडे बोलावलं. दूरदृष्टी म्हणतात ती अशी, शेणामातीच्या अंगणात, धास्तीतून सुरू झाली. श्रावणात सगुणाबाईचा नातू तापाने आडवा पडला. त्याचीही चिठ्ठी निळी. मामांनी रजा घेतली आणि तो उठून बसेपर्यंत त्याच्या उशाशी राहिले. सगुणाबाईने त्यांना एक शब्दही लावला नाही. तिने लावला असता तर बरं, असं मामा मला म्हणाले होते.

ज्यांना पाणी मिळालं त्यांच्यासाठी आणखी लस लागणार होती आणि ती द्यायला नागपूर तयार नव्हतं. मामांनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मला माहीत नाही. आई म्हणायची, भाऊ शिकायला एवढा हिंडला नव्हता. दिवाळीनंतर लस आली. मला सुई टोचायला शिकवलं होतं ते संत्र्यांवर. मामांच्याच नंबराचा दिवस असल्यामुळे टोचायला आणखी कोणीतरी हवं होतं. त्या महिन्यात आमच्या घरातली सगळी संत्री खारट लागत.

रंग उघडला तेव्हा पाणी निळ्यात निघालं. जिनाच्या अंगणात दोन रांगा लागल्या, एक कापसाच्या बंड्यांची आणि एक माणसांची. यंत्रांच्या घरघरीत कोणाचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. ते माझ्या चष्म्यावर बसत होते आणि मी सारखी फडकं शोधत होते. नातवाला पुढे घालून सगुणाबाई आली, त्याचा दंड उघडा केला, माझं फडकं शोधणं पाहिलं आणि म्हणाली, 'टोच, टोच. भाषनापक्षा हे बरं.'

मामा रांगेत होते. निम्मी रांग त्यांच्या पुढे, निम्मी मागे. नारायणरावांनी त्यांना हाताने खूण केली, 'साहेब, तुमी या नं पुढं.' मामांनी आपली निळी चिठ्ठी वर करून दाखवली आणि जागचे हलले नाहीत. शेजारच्या बंडीवाल्याशी कापसाच्या ओलाव्याबद्दल ते काहीतरी बोलत होते. त्यांच्या सदऱ्याची बाही आधीच दुमडलेली होती. तो दंड मला अजून दिसतो, बारीक, काळा, जिनातल्या पांढऱ्या उजेडात. त्यांचा नंबर आला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते कापसाच्या नावावर खपवत होते. मी स्पिरिटने तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. टोचायचं धाडस होईना.

मामांनी मान वळवून मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

'टोच, कुसुम,' ते म्हणाले. 'मागं लोक हायेत.'